दहावीनंतरचा पहिला प्रयोग



परीक्षा संपली. सोलापूरच्या उन्हाने चाळिशी ओलांडली आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारतो, "मग, पुढे काय?" तुम्ही आईकडे पाहता, आई वडिलांकडे पाहते आणि वडील म्हणतात, "निकाल लागू दे, मग बघू."

पण निकाल सगळेच सांगत नाही. परीक्षेच्या काही दिवशी, ठरावीक तासांत, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तुम्ही कशी लिहिलीत एवढेच तो सांगतो. तुम्हाला पुढे काय करायला आवडेल आणि काय जमेल, हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते. ते शोधून काढावे लागते. शोध कसा घ्यायचा, हे तर तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलाच आहात. तीच रीत येथे वापरून पाहू या. त्याआधी सोलापूरच्याच दोन मुलांची हकीकत ऐका.

विमान नव्हते तेव्हाची गोष्ट

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. राइट बंधूंचे विमान १९०३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडाले, तेव्हा वालचंद एकवीस वर्षांचे होते. म्हणजे ते शाळेत होते तेव्हा जगात विमान नव्हते. विमान बनवणे हा विषय कोणत्याही शाळेत असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभा राहिला, तो याच वालचंदांच्या पुढाकाराने. म्हैसूर संस्थानाने त्याला साथ दिली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ त्या कारखान्यात आहे.

मधली चाळीस वर्षे ते काय करत होते? लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. मग रेल्वेकडून ते जहाजांकडे वळले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. प्रत्येक वेळी काम नवे होते आणि प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यापासून समजून घ्यावे लागले.

वालचंदांनी महाविद्यालयीन शिक्षण पदवी न घेताच सोडले होते. हे वाचून काहींचे डोळे चमकले असतील! पण थांबा. एकाच उदाहरणावरून नियम काढायचा नसतो. वालचंदांच्या घरी व्यापार होता, भांडवल होते. शिवाय शिक्षण सोडून यशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली जातात, शिक्षण सोडून अडलेल्यांची कोणी लिहीत नाही. तेव्हा 'शिक्षण सोडावे' हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. निष्कर्ष काढायचा तो एवढाच, की तुम्ही चाळिसाव्या वर्षी जे काम कराल, त्याचे आज कदाचित नावही नसेल.

चिनी भाषेत शिकवणारा डॉक्टर

दुसरा मुलगा अभ्यासाच्या सरळ वाटेने गेला. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि आणखी पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले.

त्याच सुमारास जपानने चीनवर आक्रमण केले. १९३८ साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवायचे ठरवले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी यांच्याबरोबर सोलापूरचे कोटणीसही त्यात होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

आता विचार करा. वैद्यकाचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, पण तिथल्या रुग्णाला 'कुठे दुखते?' एवढे विचारायलाही भाषा येत नव्हती. मोठ्या इस्पितळातल्या सोयी नव्हत्या. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नसते, हजारो निरनिराळी चिन्हे ओळखावी लागतात. कोटणीसांनी ती भाषा इतकी आत्मसात केली, की ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. त्यांच्यासाठी शल्यक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखनही त्यांनी हाती घेतले. १९४० च्या लढायांत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ते सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करत होते. १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. पथकातले इतर चौघे भारतात परतले. कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. भय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरात आज स्मारक आहे. सोलापुरात राहून तुम्ही ते पाहिले नसेल, तर या सुटीत जरूर पाहा.

कोटणीसांनी मुंबईत शिकलेले शरीरशास्त्र चीनमध्येही खरेच होते, कारण माणसाचे शरीर देश बदलल्याने बदलत नाही. पाया पक्का होता म्हणून बाकीचे नवे शिकता आले. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी तेलुगू बोलतात, बाजारात कन्नड कानावर पडते आणि शाळा मराठी असते. तीन भाषा सहज पेलणाऱ्या मुलाने इंग्रजी पुस्तक पाहून घाबरावे, याचे मला नवल वाटते.

पुठ्ठ्यावरची भोके

आता थोडे मागांकडे वळू. सोलापुरी चादरीवरची नक्षी कशी उमटते, हे तुम्ही पाहिले आहे का? मागाच्या वर पुठ्ठ्याच्या कार्डांची एक लांब माळ फिरत असते. हा जॅकार्ड. कार्डावर जेथे भोक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथला खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो आणि पुढचे कार्ड येते. हजारो वेळा असे झाले, की चादरीवर मोर उभा राहतो!

फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती केली. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांनी यंत्राला हुकूम देण्याची कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे वापरून माहितीची मोजदाद केली. संगणकाच्या इतिहासात या कार्डांना मानाचे पान आहे.

हे सांगण्याचे कारण असे. पुष्कळ मुलांना घरच्या धंद्याची लाज वाटते. 'बाप मागावर आहे' हे वाक्य ती हळू आवाजात उच्चारतात. घरचाच धंदा करा असे मी म्हणत नाही. त्यात किती कष्ट आहेत आणि हाती किती पडते, हे तुमच्या घरच्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण तो सोडायचा असेल, तरी समजून घेऊन सोडा. ज्याला माग नीट कळला, त्याला संगणकाची अर्धी कल्पना आधीच कळलेली असते.

वाटा आणि दारे

दहावीनंतर कोणती वाट धरावी, याची धास्ती वाटते ती 'एकदा चुकलो की संपले' या समजुतीने. ही समजूत बरीचशी खोटी आहे. सोलापूरहून निघालेल्याला कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला जाता येते, लातूरलाही जाता येते. शिक्षणातही अशी स्थानके आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला, म्हणजे आयटीआयचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

मात्र काही दारे एकाच बाजूने उघडतात, हेही ध्यानात ठेवा. विज्ञान शाखेतून पुढे कला किंवा वाणिज्य शाखेकडे जाता येते. उलट प्रवास फार अवघड असतो. बारावीला जीवशास्त्र घेतले नाही, तर वैद्यकाकडे वळणे कठीण होते. गणित सोडले, तर अभियांत्रिकीच्या बहुतेक वाटा बंद होतात. म्हणून एखादा विषय सोडताना कोणते दार मागे लागते आहे, ते आधी विचारा. 'माझा मित्र तिकडे गेला' हे काही कारण नव्हे.

प्रयोग

निकालापर्यंतचे दिवस मोकळे आहेत. तेवढ्यात हा प्रयोग करा.

साहित्य : एक चाळीस पानी वही, पेन्सिल आणि उन्हात चालायला बऱ्या चपला.

कृती : (१) तुम्हाला करावीशी वाटणारी तीन कामे वहीत लिहा. प्रत्येक काम करणाऱ्या एका माणसाला भेटा. परिचारिका, वीजतंत्री, शिक्षक, डाळिंबाचा बागायतदार, कोणीही चालेल. परवानगी घेऊन अर्धा दिवस काम पाहा. त्यांना चार प्रश्न विचारा : दिवसाचा बहुतेक वेळ कशात जातो? शिकलेल्यापैकी काय उपयोगी पडते? कशाचा कंटाळा येतो? पहिल्या वर्षी काय मिळत होते?

(२) दहा दिवस रोज रात्री एक नोंद करा. आज कोणी न सांगता मी काय केले आणि किती वेळ केले? कोणी बिघडलेला पंखा उघडून बसेल, कोणी धाकट्या बहिणीला गणित समजावेल, कोणी हिशेब लिहील. मनाने नोंद बदलू नका.

(३) आईवडिलांजवळ बसून खर्च मांडा. फी, पुस्तके, एसटीचा पास, खोलीचे भाडे. शिष्यवृत्ती आणि फी-सवलत यांची चौकशी शाळेत करा. पैशाची गोष्ट बोलण्यात कमीपणा नाही. न बोलल्याने मात्र कित्येकांचे शिक्षण, विशेषतः मुलींचे, मध्येच थांबते.

निरीक्षण आणि अनुमान : आता तिन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. ज्या कामाचे आकर्षण होते, ते जवळून पाहिल्यावर नकोसे वाटले का? तसे झाले तर प्रयोग फसला असे समजू नका. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर हेही उत्तरच असते, आणि ते दोन वर्षांनी मिळण्यापेक्षा आज मिळालेले बरे.

शिक्षकांना एक विनंती आहे. निरोपसमारंभाला डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या माजी विद्यार्थ्यांना आपण बोलावतोच. एखाद्या वर्षी आयटीआय करून स्वतःचे वर्कशॉप काढलेल्या मुलालाही बोलवावे.

निकालाच्या दिवशी

निकाल लागेल तेव्हा कोणाकडे पेढे येतील, कोणाचा एखादा विषय राहील. राहिलेल्या विषयाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. तेव्हा घरात तोंड लपवून बसू नका. मन फार खचले तर आईला, शिक्षकांना, मित्राला, कोणाला तरी त्याच दिवशी सांगा. आणि तुमचा मित्र गप्प झालेला दिसला, तर तुम्हीच उठून त्याच्या घरी जा.

वही मात्र टाकून देऊ नका. दोन वर्षांनी, बारावीनंतर किंवा पदविकेच्या मध्यावर, ती पुन्हा उघडा आणि हेच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. उत्तरे बदललेली दिसली तर घाबरू नका. नवा पुरावा हाती आला की अनुमान सुधारायचे असते, हे तुम्ही शाळेतच शिकला आहात.