ठरावाची भाषा : विद्यापीठीय वादसभांसंबंधी एक विचार

विद्यापीठांत चालू प्रश्नांवर जी जाहीर व्याख्याने आणि वादसभा होतात, त्यांचे मूल्यमापन सामान्यतः तीन गोष्टींवरून केले जाते : वक्ते किती नामवंत होते, श्रोते किती जमले आणि मतदान झाले असल्यास कौल कोणाच्या बाजूने पडला. ज्या एका वाक्याभोवती ती सारी सभा उभी असते त्या वाक्याकडे, म्हणजे ठरावाकडे, मात्र क्वचितच कोणी चिकित्सक दृष्टीने पाहतो. ठराव हा जणू सभेच्या दारावरील फलक आहे, आत शिरल्यावर त्याचे काम संपले, अशीच आपली समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. ठरावाची शब्दरचना हा वादाचाच पहिला भाग असतो आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो, हे काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

पहिले उदाहरण ऑक्सफर्डचे. ऑक्सफर्ड युनियन ही वादसभा १८२३ साली स्थापन झाली. तिचे सभासद बहुतांशी विद्यापीठाचे विद्यार्थी असले तरी ती संस्था विद्यापीठाच्या प्रशासनाचा भाग नव्हे. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी या सभेपुढे एक ठराव आला. त्याचा आशय असा : हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देश यांच्यासाठी लढणार नाही. हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर होऊन त्या वेळी अवघे दहा दिवस झाले होते. ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला. वृत्तपत्रांतून गदारोळ उठला आणि विन्स्टन चर्चिल यांनी जाहीर भाषणात अत्यंत कडक शब्दांत त्याचा धिक्कार केला. पुढील महिन्यात त्यांचे चिरंजीव रँडॉल्फ यांनी या ठरावाची नोंदच कार्यवृत्तातून काढून टाकावी अशी सूचना आणली. ती ७५० विरुद्ध १३८ मतांनी फेटाळली गेली. या कौलामुळे हुकूमशहांना बळ मिळाले असा आरोप पुढे अनेक वर्षे होत राहिला. तो निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

आता ज्या वाक्यावर एवढे वादळ उठले ते वाक्यच तपासून पाहू. त्यातील ‘हे सभागृह’ हा कर्ता सांकेतिक आहे. त्याचा अर्थ ब्रिटनची तरुण पिढी असा होत नाही आणि ऑक्सफर्डचे विद्यार्थी असाही होत नाही. त्या रात्री तेथे उपस्थित राहून मत देणारे सभासद, एवढाच तो अर्थ. त्या सभासदांत एकही स्त्री नव्हती, कारण स्त्रियांना युनियनचे सभासदत्व मिळाले ते १९६३ साली. दुसरे पद ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे. येथे निषेध सार्वत्रिक आहे. साम्राज्याच्या विस्तारासाठी केलेले युद्ध आणि दारात आलेल्या आक्रमकाशी केलेले युद्ध यांत तो भेद करीत नाही. तिसरे पद ‘राजा आणि देश’. पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या आवाहनात हीच जोडी वापरली गेली होती. त्यामुळे १९३३ च्या तरुण श्रोत्याच्या कानी ती पडली तेव्हा तिचा वाच्यार्थ मागे पडून एका खंदकयुद्धाची आणि त्यात वाया गेलेल्या पिढीची स्मृती पुढे आली असणार. उरले क्रियापद. ‘लढणार नाही’ हे भाकीत आहे, निश्चय आहे की नकार? इंग्रजीतील मूळ साहाय्यक क्रियापदात जी संदिग्धता आहे तीच मराठीच्या ‘-णार नाही’ या रूपातही आहे.

ठरावाच्या बाजूने बोललेले तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड यांनी या संदिग्धतेचा पुरेपूर उपयोग केला. शासनाने फर्माविले म्हणून आम्ही प्रचंड प्रमाणावर मनुष्यहत्या करणार नाही, असा ठरावाचा खरा अर्थ घ्यावा, असे त्यांनी सुचविले. म्हणजे वक्त्याने ठरावाचे समर्थन केले ते त्याचे भाषांतर करून. श्रोत्यांनी मत दिले ते बहुधा त्या भाषांतराला. बाहेरच्या जगाने मात्र मूळ वाक्य वाचले. २७५ मतांचा अर्थ काय, हा वाद इतका चिघळला याचे एक कारण हेच की, ती मते एकाच वाक्याला पडलेली असली तरी एकाच विधानाला पडलेली नव्हती. १९८३ साली त्याच सभागृहात तोच ठराव पुन्हा मांडण्यात आला आणि या वेळी तो नामंजूर झाला. पन्नास वर्षांत शब्द तेच राहिले होते. त्या शब्दांमागची स्मृती तेवढी बदलली होती.

(२)

या प्रकाराचे विश्लेषण करण्यास आपल्या परंपरेत एक उत्कृष्ट साधन उपलब्ध आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. पक्ष आणि प्रतिपक्ष स्वीकारून, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, तत्त्वनिर्णयासाठी चालते ती चर्चा म्हणजे वाद. जय मिळविणे हा जेथे हेतू असतो आणि त्यासाठी छल, जाति व निग्रहस्थाने यांचाही आश्रय केला जातो तो जल्प. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ही वितंडा. आज मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आपण कोणत्याही निरर्थक भांडणाला लावतो. मूळ संज्ञेचा काटेकोरपणा त्यात उरलेला नाही.

भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल ते छलाचे विवेचन. छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ देऊन त्याचे खंडन करणे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाक्छलाचे भाष्यकारांनी दिलेले उदाहरण ‘नवकम्बल’ हे होय. कोणी म्हणाला की या मुलाजवळ नव कंबल आहे. त्याच्या मनात ‘नवे’ हा अर्थ. प्रतिपक्षी विचारतो, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत? दुसरा सामान्यछल : मर्यादित अर्थाने केलेले विधान ताणून सार्वत्रिक करणे. तिसरा उपचारछल : लक्षणेने वापरलेला शब्द वाच्यार्थाने घेणे. ‘मंच ओरडत आहेत’ असे म्हटल्यावर, ओरडतात ती मंचावरची माणसे, मंच नव्हेत, असा आक्षेप घेणे हे त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण.

ऑक्सफर्डच्या ठरावाला ही कसोटी लावली तर काय दिसते? ‘राजा आणि देश’ या पदात उपचारछलाला जागा आहे, ‘कोणत्याही परिस्थितीत’ या पदात सामान्यछलाला आणि क्रियापदात वाक्छलाला. नैयायिकांनी छल हा वक्त्याचा दोष मानला. आधुनिक वादसभेत मात्र छलाची बीजे ठराव लिहिणाराच पेरून ठेवतो आणि सभा रंगतदार व्हावी म्हणून कित्येकदा ती हेतुपुरस्सर पेरली जातात. अशा ठरावावरील चर्चा वाद म्हणून सुरू झाली तरी ती जल्पाच्या उतारावरच उभी असते.

(३)

याच्या उलट, ठरावाची शब्दरचना उघडपणे चर्चेत आणून वादाची पातळी उंचावल्याचेही उदाहरण आहे. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी केंब्रिज युनियनमध्ये जेम्स बाल्डविन आणि विल्यम बकले हे दोन अमेरिकन लेखक परस्परविरुद्ध बाजूंनी बोलले. अमेरिकन स्वप्न हे अमेरिकन नीग्रोंच्या मोलावर उभे आहे, असा ठरावाचा आशय होता. ‘नीग्रो’ हा शब्द अर्थात त्या काळचा. या ठरावाच्या नोंदींतही भेद आढळतो. काही ठिकाणी क्रियापद वर्तमानकाळी आहे, तर काही ठिकाणी ते स्वप्न त्यांच्या मोलाने ‘साध्य झाले आहे का’ अशी पूर्णकालवाचक प्रश्नरचना आहे. हा भेद क्षुल्लक नाही. पूर्णकाळ स्वीकारला की प्रश्न इतिहासाचा होतो. वर्तमानकाळ ठेवला की तो आजच्या जबाबदारीचा होतो.

बाल्डविन यांनी आरंभीच असे सुचविले की, या ठरावाकडे माणूस कसा पाहतो हे तो जगात कोठे उभा आहे आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरून चालतो यावर अवलंबून आहे. वाक्याचे गृहीत उघडे करणे ही त्यांची पहिली पायरी. दुसरी पायरी व्याकरणाची होती. गुलामगिरीच्या काळात कापूस वेचणाऱ्यांविषयी आणि रेल्वेमार्ग बांधणाऱ्यांविषयी बोलताना त्यांनी तृतीय पुरुष सोडून प्रथमपुरुषी एकवचन वापरले. ठरावात ज्याचा उल्लेख केवळ एक वर्ग म्हणून आला होता तो येथे स्वतः बोलू लागला. बकले यांनी अन्याय झाला हे नाकारले नाही. त्या अन्यायासाठी अमेरिकन संस्कृती टाकून द्यावी काय, हा वेगळा प्रश्न त्यांनी पुढे केला. म्हणजे त्यांनीही ठरावाचे भाषांतरच केले. परंतु येथे दोन्ही अर्थ श्रोत्यांसमोर स्वच्छपणे मांडले गेले होते. ठराव ५४४ विरुद्ध १६४ मतांनी संमत झाला. आज ही सभा स्मरणात आहे ती या आकड्यांपेक्षा बाल्डविन यांच्या भाषणामुळे.

(४)

ठराव आणि मतदान दोन्ही वगळले तर ही अडचण नाहीशी होईल काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षीच्या एका अमेरिकन प्रयोगात सापडते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ मिशिगन विद्यापीठातील काही अध्यापकांनी प्रथम एक दिवस वर्ग बंद ठेवण्याचे ठरविले होते. त्याला तीव्र विरोध झाला, तेव्हा वर्ग बंद ठेवण्याऐवजी रात्रभर वर्ग घ्यावेत अशी कल्पना पुढे आली. ती मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांची मानली जाते. २४ मार्च १९६५ च्या रात्री सुरू झालेली व्याख्याने आणि चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालल्या. सुमारे तीन हजार लोक त्यांत सहभागी झाले. या उपक्रमाला ‘टीच-इन’ हे नाव मिळाले. वर्णभेदविरोधी चळवळीतील ‘सिट-इन’ या शब्दाच्या सादृश्याने ते घडले. सादृश्यमूलक शब्दसिद्धीचे हे सुरेख उदाहरण तर आहेच. शिवाय अध्यापनालाच प्रतिकाराचे रूप देण्याची सारी भूमिका त्या एका शब्दात सामावली आहे. हा प्रकार काही महिन्यांतच इतर अनेक विद्यापीठांत पसरला.

टीच-इनमध्ये ठराव नव्हता, म्हणून शब्दच्छल टळला. मात्र वक्ते बहुतांशी युद्धविरोधीच होते, त्यामुळे शासनाची बाजू समर्थपणे मांडली गेली नाही, असा आक्षेप लगेच आला. तो संयोजकांनाही जाणवला असावा. १५ मे १९६५ रोजी वॉशिंग्टनला जी राष्ट्रीय सभा झाली तीत शासनाची बाजू मांडण्यासाठी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना आमंत्रित केले होते. पण ऐन वेळी ते येऊ शकले नाहीत. प्रतिपक्षाची खुर्ची रिकामी राहिली की वादाचे एक अंगच गळते. ठराव नसला तरी एक अलिखित विधान सभेत सतत वावरत असते, आणि लिहिलेले नसल्यामुळे त्याचे खंडन करणे अधिकच अवघड होते. दोषयुक्त का होईना, पण लिहिलेला ठराव असला तर निदान त्यावर बोट ठेवता येते.

(५)

आता आपल्याकडे वळू. आपल्या महाविद्यालयांत व विद्यापीठांत वादविवाद स्पर्धांची परंपरा मोठी आहे. विषय मराठीत दिले जातात, पण त्यांची घडण तपासली जात नाही. भाषेच्या अभ्यासकाला जिव्हाळ्याचा असा एकच विषय घेऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या माध्यमाला उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. तेव्हा हा प्रश्न आज जिवंत आहे. पुढील तीन ठराव पाहावेत :

उच्च शिक्षणाचे माध्यम मराठी असावे.
उच्च शिक्षणाचे माध्यम मराठीच असावे.
उच्च शिक्षणाचे माध्यम मराठीही असावे.

तिन्हींत फरक आहे तो एका अव्ययाचा. ‘च’ने इतर सर्व भाषा वगळल्या जातात, त्यामुळे प्रतिपक्षाला एकच अपवाद दाखविला तरी पुरते आणि मराठीच्या गुणदोषांविषयी अवाक्षर न काढता तो जिंकू शकतो. ‘ही’ने समावेश होतो; या ठरावाला विरोध करणे जवळजवळ अशक्य, म्हणून चर्चा निर्जीव होते. अव्ययरहित पहिला ठराव या दोहोंच्या मध्ये आहे, पण सभेत तो बहुधा ‘च’ गृहीत धरूनच ऐकला जातो. पक्षाचे वक्ते ‘ही’चे समर्थन करीत आहेत आणि प्रतिपक्षाचे वक्ते ‘च’चे खंडन करीत आहेत, दोघेही उत्तम बोलत आहेत आणि त्यांची भेट कोठेच होत नाही, असा अनुभव अशा सभांना बसणाऱ्या परीक्षकांना नवा नाही.

क्रियापदाचेही तसेच. ‘असावे’ हे इष्टता सांगते, ‘असले पाहिजे’ हे आवश्यकता सांगते आणि ‘करण्यात यावे’ ही कर्मणी रचना कर्त्यालाच अदृश्य करते. माध्यम बदलावयाचे ते कोणी? शासनाने, विद्यापीठाने, प्राध्यापकांनी की पालकांनी? पाठ्यपुस्तके कोणी लिहावयाची आणि परिभाषा कोणी घडवावयाची? मराठी माध्यमाच्या प्रश्नाचा गाभा याच ठिकाणी आहे आणि ‘करण्यात यावे’ म्हटले की नेमका तोच बाजूला पडतो. ‘विद्यापीठाने पदव्युत्तर वर्गांना मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा सर्व विषयांत द्यावी’ असा ठराव केला, तर वक्त्याला कर्ता, क्रिया आणि मर्यादा या तिन्हींचा विचार करणे भाग पडते. ठराव कदाचित कमी आकर्षक दिसेल, पण विषयाला सोडून बोलणे कठीण होईल.

यावरून दोन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. ठराव सभेपूर्वी काही दिवस प्रसिद्ध करावा आणि सभेच्या आरंभी अध्यक्षांनी, उभय पक्षांच्या संमतीने, त्यातील पदांचे अर्थ निश्चित करून सांगावेत. शास्त्रार्थाच्या परंपरेत मध्यस्थाला जे स्थान होते ते आपल्या अध्यक्षाला मिळणे इष्ट आहे. आज त्याचे काम बहुधा समारोपाच्या भाषणापुरतेच उरले आहे. दुसरे असे की, मतदान घेतल्यास निकालासोबत ठरावाचे पूर्ण वाक्य आणि ठरलेले अर्थही नोंदवावेत. ऑक्सफर्डच्या २७५ मतांविषयी जो गैरसमज झाला तो अशा नोंदीने पूर्णपणे टळला असता असे नाही, पण विचारणाऱ्याला दाखवावयास काहीतरी लेखी राहिले असते.

विद्यापीठाने चालू प्रश्नांपासून अलिप्त राहावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु हे प्रश्न बाजारात, विधिमंडळात आणि वृत्तपत्रांतही रोज चर्चिले जातातच. विद्यापीठीय सभेने त्यांत स्वतःची अशी कोणती भर घालावयाची? आपण नेमके काय म्हणत आहोत हे बोलण्यापूर्वी तपासून पाहण्याची शिस्त, ही ती भर होय. आणि त्या शिस्तीचा आरंभ ठरावातील एखाद्या ‘च’पासूनही करता येतो.