रुळांकडेचे खड्डे

कोकणातल्या चिरेखाणींत उगवणाऱ्या कीटकभक्षी वनस्पतींबद्दल या वेळी लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्येच देडतलाईहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना.

तुकईथडच्या बाजूला बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या कडेनं खड्डे आहेत, पावसाळ्यात ते भरतात आणि भाद्रपदात पाण्यावर बारकी पांढरी फुलं येतात, असं ते लिहितात. पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या, पानं कमळासारखी पण लहान. जवळच्या नाल्यात ही फुलं कधी पाहिली नाहीत, मग खड्ड्यात कोणी लावली?

वर्णनावरून ही निम्फॉइडिस, म्हणजे कुमुदिनी असावी. नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण ‘कोणी लावली?’ या प्रश्नात मला जास्त रस आहे.

आधी खड्ड्यांचं. पत्रातला बंद मार्ग म्हणजे अकोला–खंडवा मीटरगेज. तो 1960च्या सुमारास पूर्ण झाला. धुळघाटाजवळ स्वतःच्याच अंगावरून वळसा घेऊन जाणारा तो हाच. 2017 साली मेळघाटातून जाणाऱ्या गाड्या थांबल्या. रुळांसाठी भराव घालायचा तर माती लागते आणि ती शक्यतो शेजारूनच उचलतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, म्हणून ती भरावाला चालत नाही. ती बाजूला सारून खालचा मुरूम काढतात. मागे उरतो तो सुपीक थर गेलेला उथळ खड्डा. चार पावसाळ्यांत बारीक गाळ तळाशी बसतो आणि पाणी टिकू लागतं. जमीन निकस, त्यात पाण्याखाली बुडालेली. तिथे दांडगं गवत आणि झुडपं सहसा जोर धरत नाहीत. इतरत्र त्यांच्या सावलीत गुदमरणाऱ्या नाजूक पाणवनस्पतींना इथे जागा मिळते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, हेही त्यांना सोयीचंच, कारण बी नाहीतर कंद चिखलात ठेवून त्या पुढच्या मृगाची वाट बघू शकतात.

सरकारी कागदांत मात्र या खड्ड्यांचं नाव बदनाम. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास, ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस, अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. ती तक्रार खोटी नाही.

आता बी. डार्विननं फेब्रुवारीत एका लहान तळ्याच्या काठाशी तीन ठिकाणांहून तीन मोठे चमचे चिखल काढला. वाळल्यावर त्याचं वजन पावणेसात औंस, म्हणजे जेमतेम 190 ग्रॅम भरलं. अभ्यासिकेत तो सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. रोपं झाली 537! 1859च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये हा हिशेब आहे. बगळे, टिवळे, बदकं या तळ्यातून त्या तळ्यात जातात ती असा चिखल पायांना लावून. आपल्याकडे म्हशीही आहेतच. तेव्हा लावणारा कोण याचं उत्तर बहुधा पायांना चिखल लागलेला कोणीतरी, एवढंच.

माणसानं खणलेली आणि सोडून दिलेली जागा दुर्मीळ वनस्पतींच्या किती कामी येते, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंग्लंडच्या नॉरफोकमधलं आहे. तिथली ‘ब्रॉड्स’ नावाची तळी नैसर्गिकच मानली जात. 1950च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी थोड्याथोड्या अंतरावर भोकं पाडून तळ तपासला, तर खाली उभ्या कडा निघाल्या. त्या मध्ययुगातल्या पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या पालापाचोळ्याच्या, खाणी होत्या, जळणासाठी खणलेल्या आणि पुढे पाण्यानं भरलेल्या. त्याच प्रदेशात नंतर पीट काढलेल्या उथळ खाचांत आज फेन ऑर्किड हे दुर्मीळ आमर टिकून आहे.

पण ‘सोडून दिलं की झालं’ असा अर्थ कोणी काढू नये. नुसतं सोडलं तर पाणकणीस आणि बेशरम दोघं मिळून खड्डा बळकावतात. फेन ऑर्किडसाठीसुद्धा दलदलीतलं रान कापत राहावं लागतं. देडतलाईकडे ते काम फुकटात करणाऱ्या म्हशी आहेत. चरणं आणि डुंबणं त्यांनी थांबवलं, तर कुमुदिनी किती वर्षं राहील याची मला शंका आहे. खड्ड्याला कुंपण घाला म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींशी माझं इथे पटत नाही.

पत्रलेखकांना एक काम सांगतो. चैत्रात तळ वाळला की भेगांतली मूठभर माती पसरट भांड्यात घ्या, ती पाण्यानं भिजलेली ठेवा आणि काय उगवतं ते कळवा. गवतासारखी पाती आली, तर एखादं रोप उपटून पानांच्या बुडाशी पाहा. तिथे बीजाणूंच्या पिशव्या दिसल्या तर ते गवत नव्हे, आयसोएटिस. फुलझाडं पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं हे कूळ. त्यातली आयसोएटिस दीक्षिती पाचगणीच्या पठारावरून नोंदली गेली. साधी आयसोएटिस कोरोमांडेलिना मात्र हंगामी डबक्यांत दूरवर पसरलेली आहे. ती तुमच्या भांड्यात निघाली, तर चिरेखाणी आणखी एक आठवडा पुढे ढकलीन.