मत्स्यगृहासाठीं हवेचा पंप कसा निवडावा?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन भल्या सकाळीं आमच्या दारीं आला. मुलाचे डोळे रडून लाल झाले होते. त्याच्या घरामागील खोलींत काचेच्या १८ टाक्या मांडलेल्या होत्या; गप्पी, मॉली, एंजल अशा नाना जातींचे मासे त्यानें स्वतः वाढविले होते. या सर्व टाक्यांस हवा पुरविणारा पंप मात्र एकच, व तोही जमिनीवर ठेवलेला. रात्रीं वीज गेली, पंप थांबला, आणि टाकींतलें पाणी नळीवाटें उलट वाहत पंपांत शिरलें. पहांटे वीज आली, पण पंप कांहीं चालू झाला नाहीं. उजाडलें तेव्हां बहुतेक मासे मरून पाण्यावर तरंगत होते.

"मास्तर, हा नाद आतां पुरे, असें आपणच त्याला सांगा," वडील म्हणाले. आम्हीं तसें सांगितलें नाहीं. दोष नादाचा नव्हता, निवडीचा होता. त्या दिवशीं त्या बापलेकांस आम्हीं जें सांगितलें, तेंच आज आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें लिहीत आहोंत.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे वाऱ्यानें उठणाऱ्या लाटा दिसतात. या लाटा म्हणजे तलावाचा श्वासच होय. कारण पाण्याचा पृष्ठभाग जितका हालेल तितका प्राणवायु आंत शिरतो. रंकाळ्यावर जेव्हां जेव्हां जलपर्णी माजली, तेव्हां तेव्हां वारा व पाणी यांची ही भेटच तुटली. काचेच्या टाकींत वारा नाहीं, म्हणून पंप पाहिजे. बुडबुड्यांतील हवा थेट पाण्यांत विरते ती थोडी. बुडबुडे वर येतांना पाणी ढवळतात, हेंच त्यांचें मुख्य काम.

पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी राहतो. समुद्रसपाटीला २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. कोल्हापूर सुमारें ५५० मीटर उंचीवर असल्यामुळें त्यांतूनही थोडा घटतो. उलट उष्णतेनें माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून वैशाखांतली रात्र माशांस घातक. शिवाय पुष्कळ टाक्यांच्या खोलींत स्पंजाचे फिल्टर हवेवरच चालतात. नळींतून वर चढणारे बुडबुडे पाणी आपल्याबरोबर ओढतात व तें स्पंजांतून गाळून येतें. माशांच्या मळांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें नायट्राइट, व त्याचें पुढें बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु त्या स्पंजांत राहतात. हवा थांबली कीं मासे व हे जंतु दोघेही गुदमरतात.

आतां हिशेब करूं. एका मध्यम स्पंज फिल्टरास मिनिटास दीड लिटर हवा धरली, तर १८ टाक्यांस २७ लिटर झाली. सांध्यांतील गळती व पुढें वाढणाऱ्या टाक्या यांसाठीं एक तृतीयांश, म्हणजे ९ लिटर, अधिक धरावी. एकूण ३६ लिटर. परंतु पेटीवर छापलेला आंकडा पुष्कळदां मोकळ्या हवेंतला असतो! पाण्याच्या खोलीबरोबर तो घटत जातो. टाकींत ३० सेंटिमीटर पाणी असलें तर नळ्या व हवेचा दगड यांचा अडथळा धरून सुमारें ४५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाविरुद्ध पंपानें किती हवा दिली, हें विचारावें. दाब मेगापास्कलमध्यें दिलेला असल्यास ०.०१ मेगापास्कल म्हणजे सुमारें १ मीटर पाणी, असें समजावें.

पंपांचे मुख्य प्रकार तीन. पहिला लहान घरगुती पंप. त्यांत विद्युच्चुंबकानें एक रबरी पडदा सेकंदास ५० वेळां हालतो. हा एकदोन टाक्यांस पुरे. दुसरा लिनिअर पंप. यांत मोठे पडदे किंवा दट्ट्या सरळ रेषेंत पुढें-मागें होतो. दहापासून कांहीं डझन टाक्यांच्या घरगुती खोलीस हाच योग्य, कारण तो थोड्या विजेवर बराच दाब देतो व त्याचा पडदा बदलतां येतो. घेतांनाच एक सुटा पडदा-संच मागून घ्यावा. तिसरा ब्लोअर, तो हवा विपुल देतो, पण आवाज फार व वीजही फार. तो मोठ्या मत्स्यबीज केंद्रासाठीं, घरासाठीं नव्हे.

पंपाइतकीच महत्त्वाची त्याची नळव्यवस्था. पाऊण ते एक इंची पी.व्ही.सी. नळ खोलीभोवतीं फिरवून त्याचीं दोन्ही टोकें एकत्र जोडावीं, म्हणजे सर्वत्र दाब सारखा राहतो. प्रत्येक टाकीस स्वतंत्र तोटी हवी. हवा नेहमीं सोपी वाट धरते, व तोटी नसल्यास उथळ टाकी सगळी हवा घेऊन खोल टाकी उपाशी ठेवते. हवा जास्त झाली तर पंपाचा गळा आवळूं नये. एक जादा तोटी उघडून ती बाहेर सोडावी. दाब तुंबला कीं पंप तापतो व पडदा लौकर फाटतो. पंप पाण्याच्या पातळीहून उंच फळीवर, थंड व मोकळ्या जागीं ठेवावा. स्वयंपाकाचा धूर किंवा डांसांच्या औषधाची वाफ तो ओढणार नाहीं, हेंही पाहावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक मोठा पंप घेण्यापेक्षां निम्म्या शक्तीचे दोन घ्यावेत. प्रत्येकास स्वतःची एकमार्गी झडप बसवावी, म्हणजे चालू पंपाची हवा बंद पंपांतून निसटणार नाहीं, व पाणीही उलट येणार नाहीं. एक बिघडला तरी सर्व टाक्यांस अर्धी हवा मिळत राहते, आणि अर्ध्या हवेवर मासे सकाळ पाहतात. वीज जाण्याच्या भीतीसाठीं इन्व्हर्टर, निदान बॅटरीवर चालणारा एक लहान पंप, जवळ असावा.

खर्चाची शंका वडिलांनीं काढलीच. दोन्ही पंप मिळून ४० वॅट घेत असतील, तर दिवसास ०.९६ युनिट, महिन्यास सुमारें २९ युनिट लागतात. प्रत्येक टाकीस ४ वॅटचा निराळा पंप लावला असता तर ७२ वॅट लागले असते.

त्या मुलानें दोन लिनिअर पंप घेतले. नळ बसविण्यास उद्यमनगरांतील एक ओळखीचे कारागीर आले, व वडील शिडी धरून उभे राहिले. गेल्या वैशाखांत पुन्हां एका रात्रीं एका पंपाचा पडदा फाटला. सकाळीं बुडबुडे मंद होते, पण एकही मासा मेला नव्हता. ही बातमी सांगावयास या खेपेस वडील एकटेच आले होते.

मित्रांनो, मुका जीव काचेंत ठेवला म्हणजे त्याचा श्वास आपल्या हातीं आला. त्याला पाळण्याची हौस असेल तर आधीं हिशेब शिका, आणि मग टाकी विकत घ्या.