कागदविरहित सभा : कोणाच्या सोयीसाठी?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रदीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर गावोगावची सभागृहे पुन्हा लोकनियुक्त सदस्यांच्या हाती आली. वणीसारख्या, २०११ च्या जनगणनेत सुमारे अठ्ठावन्न हजार लोकवस्ती नोंदलेल्या शहरात ही गोष्ट लहान नव्हे. पिण्याचे पाणी, नाल्या, कोळशाच्या वाहतुकीने उडणारी धूळ, निर्गुडा नदीची अवस्था या साऱ्यांची विचारपूस ज्या ठिकाणी व्हावयाची, ते ठिकाण म्हणजे नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा. नव्या सदस्यांपैकी बहुतेकांच्या खिशात मोबाइल आहे. तेव्हा सभेतून कागद हद्दपार करावा, प्रत्येक सदस्याला एकेक टॅब द्यावा आणि विषयपत्रिका त्यावरच पाठवावी, ही कल्पना आज ना उद्या प्रत्येक नगरपरिषदेपुढे येणार, यात शंका नाही.

कल्पना नवी नाही. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०१४ मध्येच कागदविरहित कामकाज सुरू केले. नागालँडच्या विधानसभेने २०२२ मध्ये केंद्राच्या ‘नेवा’ या प्रणालीचा अवलंब केला. विधिमंडळांना जे साधले ते नगरपरिषदांना का साधू नये, असा प्रश्न कोणी विचारील. साधेल, अवश्य साधेल. परंतु ते कशासाठी साधावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

कागदाची बचत हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्याचा हिशेब एकदा करून पाहावा. समजा, सभागृहात तीस सदस्य आहेत, सभेपुढे वीस विषय आहेत आणि प्रत्येक विषयाची टिपणी तीन पानांची आहे. एका सभेस अठराशे पाने झाली. कायद्याने सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हावयाची. म्हणजे वर्षाकाठी दहा हजार आठशे पाने, रिमांत मोजल्यास बावीसच्या आत. झेरॉक्सचा खर्च धरला तरी एक-दोन टॅबच्या किमतीत वर्षाचा कागद येतो. मग तीस टॅब घेऊन नगरपरिषदेने काय वाचविले? कार्यालयातल्या कोणाही लिपिकाला हा हिशेब तोंडपाठ आहे. त्याला विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

वास्तविक पाहता, विषयपत्रिकेच्या कागदाचे मोल त्याच्या किमतीत नव्हतेच. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मध्ये सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी देण्याची तरतूद आहे. शिपाई सदस्याच्या घरी जातो, पत्रिका देतो आणि वहीवर सही घेतो. त्या सहीमुळे दोन गोष्टी सिद्ध होतात : सूचना मिळाली, आणि अमुक तारखेस मिळाली. सभा बेकायदा ठरविण्याचा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेला, तर ही वही बोलते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री अकरा वाजता टाकलेली पत्रिका असे बोलत नाही. निळ्या खुणा दिसल्या म्हणून सूचना बजावली गेली, असे मानणे धाडसाचे होईल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली हे खरे. परंतु पत्रिकेला कायद्याची मान्यता मिळणे निराळे आणि ती सात दिवस सदस्याच्या नजरेखाली राहणे निराळे.

आणि येथेच खरी मेख आहे. नगरपरिषदेच्या कामकाजाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना ‘ऐनवेळचे विषय’ हे शब्द नीट ठाऊक असतील. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, अशी ओळ पत्रिकेच्या शेवटी निमूटपणे बसलेली असते. तातडीच्या कामासाठी ती सोय आवश्यकही आहे. परंतु त्याच दारातून निविदा, मुदतवाढी आणि वाढीव दराची देयके आत येऊ लागली, की सात दिवसांच्या सूचनेला अर्थ उरत नाही. कागदाच्या पत्रिकेत नवा विषय घालावयाचा तर निदान नवे पान छापावे लागे, ते तीस घरी पोचवावे लागे. त्या खटाटोपाचाच एक धाक होता. पडद्यावरच्या पत्रिकेत सभेला अर्धा तास उरला असताना दोन ओळी वाढविणे हे बोट फिरविण्याचे काम आहे. उलटपक्षी, हेच यंत्र नीट बसविले, तर कोणता विषय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणाच्या हाताने चढला, याची पुसता न येणारी नोंद ते ठेवू शकते. कागदाला हे कधीच जमले नव्हते. इतिवृत्ताचेही तसेच. सभेत एक बोलले गेले आणि महिन्याने इतिवृत्तात दुसरेच उमटले, ही जुनी तक्रार आहे. सभेच्या दिवशीच इतिवृत्ताचा मसुदा नोंदला गेला आणि पुढचा प्रत्येक बदल वेळेसह दिसू लागला, तर त्या तक्रारीला जागाच राहणार नाही. टॅब घ्यावयाचे ते यासाठी.

प्रशासकाच्या काळात, सदस्यच नसल्यामुळे, ठराव एका सहीने होत. वादविवाद नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. सभेतून माणसे वगळून काम किती जलद होते, याचा तो नमुना म्हणावयास हरकत नाही!

आता अडचणींकडे वळू. पहिली लिपीची. नगरपरिषदांचे जुने ठराव श्रीलिपी, कृतीदेव अशा टंकांत टंकलिखित झालेले आहेत. दुसऱ्या संगणकावर ते उघडले की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. पुष्कळ ठिकाणी तर टंकलिखित कागदाचे छायाचित्र घेऊन त्यालाच ‘डिजिटल’ म्हणतात. अशा दस्तऐवजात ‘निर्गुडा’ हा शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही. एमएस-सीआयटी झालेल्या लिपिकांना युनिकोड शिकवावयास नको. ते वापरलेच पाहिजे, असा आदेश त्यांना वरून मिळावयास हवा, इतकेच.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. राज्यातील स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सदस्या निवडून येते आणि कारभार पतिराज पाहतात, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. टॅब आणि त्याचा पासवर्ड पतिराजांच्या हाती गेला, तर सभागृहात निदान स्वतः येऊन बसणारी सदस्या पत्रिकेपासूनही दूर राहील. म्हणून प्रशिक्षण तिला, तिच्याच नावाने आणि तिच्या सोयीच्या वेळी दिले पाहिजे. कागद हवा असेल त्याला कागद मिळावा, यात कमीपणा मानू नये. इंग्लंडमध्ये २०१५ साली स्थानिक परिषदांच्या सभेची सूचना ई-पत्राने पाठविण्याची मुभा कायद्याने दिली. तीही ज्या सदस्याने तशी संमती दिली, त्याच्याचपुरती.

सदस्यांविषयी इतके बोललो, पण नागरिकांचे काय? माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाने, सार्वजनिक मंडळांच्या सभा लोकांना खुल्या आहेत की नाहीत आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही, हे स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. त्याच कलमात अभिलेख संगणकावर आणण्याचेही सांगितले आहे. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. मध्यवर्ती कायदेमंडळापासून लोकसभेपर्यंत वावरलेल्या त्या नेत्याच्या गावाला सभागृहाच्या कामकाजाची थोरवी निराळी सांगावयास नको. सदस्यांच्या टॅबवर जी पत्रिका टिपणीसह जाईल, तीच त्याच दिवशी नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर यावी, आणि ज्यांच्याजवळ मोबाइल नाही त्यांच्यासाठी एक छापील प्रत कार्यालयातील फलकावर व एक वाचनालयात ठेवावी. पुढील सर्वसाधारण सभेच्या सूचनेबरोबरच हे सुरू करता येईल. त्यासाठी टॅबच्या निविदेची वाट पाहावयास नको.