वैद्यकीय पुराव्याची गुणवत्ता आणि नियंत्रित गटाचे महत्त्व : प्लाझ्मा उपचाराच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : साथरोगशास्त्र, नियंत्रित गट, यादृच्छिक विभागणी, प्लाझ्मा उपचार

प्रस्तावना :
एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे आपल्या रुग्णासाठी प्लाझ्मादात्याचा शोध घेत होती. कोरोनातून बऱ्या झालेल्या व्यक्तीचा प्लाझ्मा रुग्णास दिल्यास त्यातील प्रतिपिंडे विषाणूचा प्रतिकार करतील, अशी त्यामागील धारणा होती. वस्तुतः या उपचाराचा अपेक्षित लाभ आढळला नाही, असे सांगणारा भारतीय अभ्यास त्यापूर्वी सहा महिने प्रसिद्ध झाला होता. पुरावा हाती असूनही समाज दुसऱ्याच दिशेने का धावतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. तो संशोधन पद्धतीच्या आकलनाचाही आहे.

उद्दिष्टे :
१. अनुभव आणि पुरावा यांतील भेद स्पष्ट करणे.
२. नियंत्रित गट व यादृच्छिक विभागणी यांचे महत्त्व विशद करणे.
३. निष्कर्षाच्या निश्चिततेचे मोजमाप कसे होते, हे समजून घेणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून त्यासाठी प्रकाशित शोधनिबंधांसारख्या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विवेचन :

१. अनुभव आणि पुरावा :
प्लाझ्मा उपचाराची कल्पना निराधार नव्हती. घटसर्पावरील रक्तरस उपचारासाठी एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले होते. २९ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ‘प्लॅटिना’ हा प्लाझ्मा उपचाराचा प्रकल्प सुरू केला. प्लाझ्मा घेतलेले अनेक रुग्ण बरेही झाले. तथापि, कोरोनाचे बहुसंख्य रुग्ण प्लाझ्माविनाही बरे होत होते. ‘उपचारानंतर बरा झाला’ आणि ‘उपचारामुळे बरा झाला’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले विधान निरीक्षणातून करता येते. दुसऱ्यासाठी तुलना अपरिहार्य ठरते.

२. सदोष तुलना :
तुलना केली म्हणजे पुरावा सिद्ध झाला, असेही नाही. अमेरिकेत सुमारे ३५ हजार रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण ऑगस्ट २०२० मध्ये समोर आले. निदानानंतर तीन दिवसांच्या आत प्लाझ्मा मिळालेल्यांत सात दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.७ टक्के, तर उशिरा मिळालेल्यांत ११.९ टक्के होते. रुग्णसंख्या प्रचंड असली तरी प्लाझ्मा न मिळालेला गटच या अभ्यासात नव्हता. शिवाय लवकर व उशिरा प्लाझ्मा मिळालेल्यांचे वय, आजाराची तीव्रता आणि इतर उपचार सारखेच होते, असे गृहीत धरता येत नाही. हा फरक प्लाझ्माचा की रुग्णांचा, याचे उत्तर अशा तुलनेतून मिळत नाही. मोठी संख्या हा दोष दूर करीत नाही.

३. यादृच्छिक विभागणी :
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातील ३९ रुग्णालयांत एप्रिल ते जुलै २०२० या काळात ‘प्लॅसिड’ ही चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेल्या ४६४ रुग्णांची विभागणी डॉक्टरांच्या पसंतीने नव्हे, तर यादृच्छिक पद्धतीने झाली. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा देण्यात आला, तर २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. अशा विभागणीमुळे ज्ञात आणि अज्ञात असे दोन्ही प्रकारचे घटक दोन्ही गटांत सरासरीने समान विभागले जातात. २८ दिवसांत आजार तीव्र होणे किंवा मृत्यू होणे, असा परिणाम प्लाझ्मा गटात ४४ (१९ टक्के) आणि नियंत्रित गटात ४१ (१८ टक्के) रुग्णांत आढळला. ऑक्टोबर २०२० मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

या चाचणीस मर्यादाही होत्या. कोणाला प्लाझ्मा दिला, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. तसेच दात्यांच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडांचे प्रमाण देण्यापूर्वी मोजता आले नव्हते.

४. निश्चिततेचे मोजमाप :
‘प्लॅसिड’मध्ये दोन्ही गटांतील धोक्याचे गुणोत्तर १.०४ होते आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.७१ ते १.५४ होती. म्हणजेच धोका २९ टक्क्यांनी घटण्यापासून ५४ टक्क्यांनी वाढण्यापर्यंतच्या शक्यता या आकडेवारीशी सुसंगत होत्या. ‘लाभ आढळला नाही’ आणि ‘लाभ नाही’ यांत म्हणूनच अंतर राहते. हे अंतर ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने बव्हंशी मिटविले. तेथील ११,५५८ रुग्णांत दोन्ही गटांतील २८ दिवसांचा मृत्युदर २४ टक्केच आढळला. गुणोत्तर १.०० आणि विश्वासमर्यादा ०.९३ ते १.०७ अशी होती. हे निष्कर्ष मे २०२१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात भारतातील उपचार मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

याच ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाची उपयुक्तताही दाखवून दिली होती. श्वसनयंत्रावरील रुग्णांचा मृत्युदर नियंत्रित गटात ४१.४ टक्के, तर औषध घेतलेल्यांत २९.३ टक्के होता. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना मात्र लाभ झाला नाही. अर्थात, नियंत्रित चाचणी केवळ आशा मोडण्यासाठी नसते. कोणता उपचार कोणाला तारतो, हेही तीच सांगते.

निष्कर्ष :
१. रुग्ण बरे होणे हा उपचाराच्या परिणामकारकतेचा स्वतंत्र पुरावा नव्हे.
२. पुराव्याची गुणवत्ता प्रथम गट कसे पाडले यावर अवलंबून असते. रुग्णसंख्येचे महत्त्व त्यानंतरचे आहे.
३. एकाच चाचणीचा निष्कर्ष तिच्या विश्वासमर्यादेसह वाचावा आणि इतर चाचण्यांशी पडताळून पाहावा.
४. पदवी स्तरावरील संशोधन पद्धतीच्या अध्यापनात अशा उदाहरणांचा समावेश व्हावा.

दात्याच्या शोधात रात्र जागविणाऱ्या कुटुंबाची धडपड प्रामाणिकच होती. त्या धडपडीला योग्य दिशा देणारे ज्ञान त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे, ही संशोधक, प्रशासक आणि अध्यापक या सर्वांची जबाबदारी ठरते.