पासष्टीत बेस गिटार : रॉक प्रत्यक्षच का ऐकायचा

आज थोडं वेगळं बोलणार आहे. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या. डावीकडून बऱ्यापैकी सरळ येणाऱ्या त्या रेघा 4000 हर्ट्झच्या आसपास दरीत कोसळल्यासारख्या खाली गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "नोकरी कुठली होती?" म्हटलं, तोफखाना. त्यांनी मान हलवली. "आणि आता काय करता?" म्हटलं, दर शनिवारी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "आता तरी पुरे करा." मुलगा म्हणाला, "बाबा, चांगला हेडफोन आणून देतो, घरात हळू आवाजात ऐका." दोघांचंही म्हणणं माझ्या काळजीपोटी होतं. पण हेडफोनवर ऐकणं आणि प्रत्यक्ष वाजताना ऐकणं ही एकाच गोष्टीची लहान-मोठी रूपं आहेत, असं मुलाला वाटत होतं. तसं नाही. का नाही, ते सांगायचा आज प्रयत्न करतो.

मी पहिल्यांदा रॉक प्रत्यक्ष ऐकला तो पुण्यात, 1979च्या एका कॉलेज गॅदरिंगमध्ये. ज्या गाण्याची कॅसेट मी घासून घासून संपवली होती, तेच गाणं चार पोरं वाजवत होती. वाजवत होती यथातथाच. गिटार कलकत्त्याची देशी, माइकवर शिट्टी येत होती. पण बेसवाल्याने पहिला स्वर लावला आणि माझ्या बरगड्या हलल्या. कॅसेटवर ते वाद्य आहे हेच मला तोवर कळलं नव्हतं.

त्याचं कारण साधं आहे. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. हवेतली तिची एक लाट साडेआठ मीटरच्या जवळपास लांब असते, म्हणजे आपल्या दिवाणखान्यापेक्षा मोठी. टेपरेकॉर्डरचा तळहाताएवढा स्पीकर एवढी हवा हलवणार कशी? आणि हेडफोनने तो स्वर कानापर्यंत पोचवला, तरी छाती, पोट, पायाखालची फळी यांना त्यातलं काही मिळत नाही. प्रत्यक्ष मैफलीत तो स्वर माणूस निम्मा अंगाने ऐकतो.

दुसरी गोष्ट गिटारच्या त्या खरखरीत आवाजाची. आपल्या पिढीतल्या अनेकांना तो गोंगाट वाटतो. मुळात तो दोषच होता. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ स्वराचे वरचे अनेक उपस्वर तयार होतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये हे छाटणं जरा गोलसर होतं, म्हणून कानाला गोड लागतं. वादकांनी तो दोष ठेवून घेतला. पण त्यात एक पंचाईत झाली. अशा आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवली की गंधार बाकीच्या स्वरांत मिसळून सगळा चिखल होतो. म्हणून रॉकवाल्यांनी गंधार काढून टाकला आणि नुसते षड्ज-पंचम ठेवले. तानपुऱ्याची जोडी! मी हे एका गाणाऱ्या वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग एवढं ओरडायचं कशाला?" त्यावर उत्तर नव्हतं.

सैन्यात गेल्यावर वाटलं, हा नाद सुटणार. उलट तिथेच वाजवायला शिकलो. बाहेरच्या लोकांना आर्मीचा बँड म्हटलं की परेडचा ब्रास बँड आठवतो. पण मेसच्या पार्ट्यांना वाजवणारा 'जॅझ बँड' हा वेगळा प्रकार असतो, गिटार, ड्रम, कीबोर्ड घेऊन. जॅझ तो नावापुरताच, वाजतात हिंदी सिनेमाची गाणी. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात असताना तिथल्या एका हवालदाराने मला बेस शिकवला. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये तयार झालेला माणूस. आमच्याकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, हुद्दा काही असो. संध्याकाळी बँडच्या खोलीत मी कॅप्टन नसे, तो हवालदार नसे. त्याचा पहिला धडा अजून लक्षात आहे : "साहब, गिटार को मत सुनो. ड्रमवाले का पैर देखो."

हा धडा म्हणजे निम्मं रॉक आहे. ड्रमवाला उजव्या पायाने मोठा ढोल वाजवतो, आणि बेसचा स्वर त्या ठोक्याबरोबर पडला पाहिजे. नुसता कानाने ऐकून वाजवायला गेलात, तर आवाज यायला वेळ लागतो. मीटरमागे सुमारे 3 मिलिसेकंद. दहा मीटरच्या रंगमंचावर पलीकडच्या टोकाचा ठोका तुमच्यापर्यंत येईतो 30 मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्यानेही पकड ढिली होते. म्हणून मोठ्या रंगमंचावर वादकांच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड करून वेगळे स्पीकर ठेवलेले असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. आमच्यासारख्यांना मात्र पाय बघणंच परवडतं.

तोफखान्यातल्या माणसाला हे गणित नवं नाही. शत्रूच्या तोफेची चमक दिसली की सेकंद मोजायचे, धमाका ऐकू आला की थांबायचं. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. 2007 साली बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन आले होते, त्यांच्या आधी दिल्लीचे परिक्रमा वाजवून गेले. मी रजा काढून गेलो होतो, वय अठ्ठेचाळीस. बरंच मागे उभा होतो. रंगमंचापासून शंभर मीटरवर आवाज जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा येतो, म्हणजे काठी खाली आलेली दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. मोठ्या मैदानांवर मध्ये मनोरे उभारून स्पीकर लावतात, तेव्हा त्या स्पीकरना जाणूनबुजून तेवढंच उशिरा वाजवतात. नाहीतर मागच्या लोकांना जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि रंगमंचावरचा नंतर, असं एकच गाणं दोनदा ऐकू येईल.

अमूक एक वय झाल्यावर हे सोडायचं असतं, ही कल्पना माझ्या डोक्यातून गेली ती शिलाँगमुळे. नव्वदच्या दशकात तिथे पोस्टिंग होतं. तिथे घराघरात गिटार. चर्चमध्ये गाऊन गाऊन पोरांना दोन-तीन पट्ट्यांत मिळून गाणं सहज येतं. लू माजाव हे तिथले गायक 1972पासून दर वर्षी 24 मेला बॉब डिलनचा वाढदिवस त्याची गाणी गाऊन साजरा करतात. डिलन तिथे कधी आला नाही, यांचं थांबलं नाही. मी ऐकलं तेव्हा पाऊस होता, आखूड चड्डीतला, लांब केसांचा हा माणूस ज्या जोमाने उड्या मारत गात होता, त्याने मी माझ्या युनिटच्या पी. टी. परेडचा विचार करू लागलो. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांनी हे चालू ठेवलं. त्यांच्या आवाजाला वय दिसतं, आणि त्याने काही बिघडत नाही.

आता कानाकडे येतो, कारण तिथे फसवणूक चालत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात, एकेका कानात सुमारे 15 हजार. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आधी जातात त्या उंच स्वरांच्या. त्यामुळे मला नातीचं 'सात' हे 'आत' ऐकू येतं, ड्रमच्या झांजा कागद चुरगळल्यासारख्या वाटतात, आणि रात्री शांततेत कानात बारीक शिट्टी चालू असते. हे तोफांनी किती केलं, ॲम्पने किती, याचा हिशेब डॉक्टरही देऊ शकत नाहीत. तरुणपणी फायरिंगच्या वेळी कापसाचा बोळा घातला की झालं, अशी आमची समजूत होती आणि कधी कधी तोही मर्दानगीच्या नावाखाली टाळला. तो मूर्खपणा होता.

हिशेब असा असतो : 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88ला चार तास, 91ला दोन, असं करत 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आणि लहान खोलीत चार जणांचा रॉक बँड 100 सहज गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली मैफलींसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, ती काही कडक म्हणता येणार नाही. मुंबईचं धोबीतलावचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक गाजला, ते शेजारच्या रुग्णालयांमुळे आणि कॉलेजमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथलं रॉक बंद पडलं. रसिक अजून हळहळतात. मीही हळहळतो, पण आता रुग्णालयाच्या बाजूनेही विचार करतो.

मोठमोठ्यांचीही यातून सुटका नाही. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना 2016 साली डॉक्टरांनी सांगितलं की थांबला नाहीत तर पूर्ण बहिरे व्हाल. त्यांनी दौरा अर्धवट सोडला. पण 2023मध्ये ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा वय 76 होतं.

माझं स्वतःचं काय झालं? डॉक्टरांशी दुसऱ्या भेटीत सविस्तर बोललो. त्यांनी वादकांचे इअरप्लग सुचवले. दुकानात मिळणारे फोमचे बोळे उंच स्वर जास्त अडवतात, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं होतं. वादकांच्या प्लगमध्ये बारीक गाळणी असते, ती सगळे स्वर साधारण सारखेच, पंधराएक डेसिबलने कमी करते. म्हणजे 100चे 85. पहिल्या शनिवारी ते घातले तेव्हा रडू यायचं बाकी होतं, सगळं मेल्यासारखं. तिसऱ्या शनिवारी लक्षात आलं की बरगड्यांना प्लग नाहीत. खालचा स्वर तसाच येतोय, पायाखालची फळी तशीच हलतेय. माझ्या कानांनी जे गमावलंय ते वरचं. बेस ज्या मजल्यावर राहतो तो मजला शाबूत आहे. हेडफोनवर मला आज निम्मं गाणं मिळतं. खोलीत, चार माणसांत, जवळजवळ सगळं.

बोटांसाठीही तडजोड केली. नेहमीच्या बेसची तार 34 इंच असते. सांधे दुखायला लागल्यावर 30 इंचवाला घेतला, तारा बारीक लावल्या. आवाज किंचित बोजड झाला, चालतं.

आमच्या बँडमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी ड्रमवर आहेत, दातांचे डॉक्टर गिटारवर आणि गाणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवतात. भाड्याच्या जॅम रूममध्ये दोन तास. पैसे कुणी देत नाही, मागतही नाही. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात अर्धा तास मिळाला. रॉकमध्ये चारातला दुसरा आणि चौथा ठोका जोरात पडतो. आपले लोक समेवर टाळी देणारे. त्यामुळे अख्खा मांडव आमच्या उलट टाळ्या वाजवत होता आणि ड्रमवाले काका घामाघूम. तिसऱ्या गाण्यात बाई मधलं कडवं विसरल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ड्रमवाल्यांच्या पायाकडे. पाय थांबला नाही. मी तेच दोन स्वर धरून ठेवले, आठ मात्रा, मग अजून आठ. दातांच्या डॉक्टरांनी वरून काहीतरी वाजवून जागा भरली आणि बाईंना शब्द सापडला. मांडवातल्या कुणालाही कळलं नाही. आम्ही चौघं मात्र गाणं संपेपर्यंत हसत होतो.

सौ. पहिल्या रांगेत होत्या, कानात माझेच जुने फोमचे बोळे घालून. घरी येताना म्हणाल्या, "तुमचं वाद्य ऐकू आलं नाही, पण खुर्ची हलत होती."

नोव्हेंबरमध्ये कानांची पुन्हा तपासणी आहे. रेघ आणखी खाली गेली तर काय, ते तेव्हा डॉक्टरांसमोर बसून ठरवू. त्याआधी सहा शनिवार आहेत, आणि ड्रमवाल्यांना एक नवं गाणं बसवायचं आहे.