पत्र कुणी कुणाला लिहायचं

इराणी आखातावरच्या इंग्रजांच्या बुशहर रेसिडेन्सीची फाईल हातात आली की मी ती मागून वाचायला घेतो. पुढे सगळा पत्रव्यवहार असतो: टंकलिखित पत्रं, तारा, अरबी मूळ आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. निर्णय कसा झाला ते मात्र मागच्या टिपणीच्या पानांवर कळतं. कारकुनाने आलेल्या पत्राचा संदर्भ देऊन मसुदा सादर केलेला असतो, त्याखाली साहेबाचा शेरा, आद्याक्षरं आणि तारीख. ज्याची नोकरी महसूल खात्यात गेली त्याला ही रचना कुणी समजावून सांगावी लागत नाही. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, बारनिशीला आवक-जावक, हेच मी सगळी नोकरी करत आलो. त्या वाळवंटातल्या कचेऱ्यांनी हिंदुस्थान सरकारची पद्धत जशीच्या तशी उचलली होती, कारण त्या हिंदुस्थान सरकारच्याच कचेऱ्या होत्या.

ही कागदपत्रं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. २०१४ पासून ती कतार डिजिटल लायब्ररीवर पानापानाने पाहता येतात, त्यामुळे म्हसवडला घरात बसून वाचायची सोय झाली. प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गोल करून आकडा टाकलेला आहे. तो बहुधा नंतर कुणी तरी सगळी पानं मोजताना टाकला असावा, आणि वाचणाऱ्याला वाट दाखवायला तोच उपयोगी पडतो.

या फायलींत तेल शोधायला गेलं तर तेल फारसं भेटत नाही. भेटतं ते पत्र. कुणी कुणाला लिहायचं, कुणामार्फत लिहायचं, प्रत कुणाला द्यायची, याचाच विचार पानोपानी. एक छापील नमुना वारंवार दिसतो, ‘एक्स्प्रेस लेटर’. तारेचा खर्च वाचावा म्हणून हा मजकूर टपालाने पाठवला आहे, पण मिळताच तारेइतक्याच तातडीने कारवाई व्हावी, अशी सूचना त्याच्या माथ्यावर छापलेली. दुसरा नमुना प्रती पाठवण्याचा: आखाताचे पोलिटिकल रेसिडेंट यांचे नमस्कार, आणि खाली यादी. लंडनचे भारतमंत्री, हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव, बहारीनचा एजंट, कुवेतचा एजंट. ज्या शेखाच्या जमिनीबद्दल हे सगळं चाललेलं असे, त्याचं नाव या यादीत नसे. त्याच्यापर्यंत पोचायचं ते एजंटाने सांगितलं तेवढंच. शेखाचं स्वतःचं पत्र आलं की आधी त्याचं भाषांतर होई, आणि भाषांतरात सुरुवातीचे सगळे आदराचे, कुशलाचे शब्द दोन अक्षरांच्या लघुरूपात गुंडाळून थेट कामाच्या मजकुराला हात घातला जाई.

हे वाचताना माणदेशातल्या माणसाला सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. १८१९ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. त्यात महाराजांनी बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी इंग्रजांना सोडून परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही, असं बंधन होतं. याच कलमावर बोट ठेवून, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप करून, १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत दाद मागत राहिले. कुणी दाद दिली नाही.

त्याच हंगामात, १८१९ च्या नोव्हेंबरात, मुंबईहून सर विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली आरमार निघालं आणि रास अल खैमावर उतरलं. जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी समुद्रावरील लुटीविरुद्धच्या तहावर सह्या करायला सुरुवात केली. मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर आमच्या मुलखाची व्यवस्था लावणारा तोच. १८२० मध्येच सातारला कॅप्टन ग्रँट, पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ, औंधच्या पंतप्रतिनिधींसारख्या जहागीरदारांशी करार करत होते. सातारचं राज्य पुढे खालसा झालं तसं म्हसवड सरळ इंग्रजी अमलात आलं, पण इथून आटपाडीच्या वाटेला लागलं की औंधची हद्द. पंतांना सरकारकडे काही मागायचं तर सातारच्या कलेक्टरमार्फत, कारण तोच त्यांचा पोलिटिकल एजंट. १९०९ मध्ये सरकारने एका पंतप्रतिनिधींना दूर करून बाळासाहेबांना गादीवर बसवलं, ते याच व्यवस्थेच्या जोरावर. आखाताची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच ताब्यात होती. दोन्हीकडे कारभाराची घडी एकच.

आखातात पत्राचं कलम पक्कं झालं ते १८९२ मध्ये. त्या वर्षी शेखांनी लिहून दिलं की इंग्रज सरकार सोडून दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी करार किंवा पत्रव्यवहार करणार नाही आणि आपल्या मुलखातला तुकडा दुसऱ्या कुणाला विकणार नाही, गहाण ठेवणार नाही. कुवेतच्या शेख मुबारकांनी असंच १८९९ मध्ये लिहून दिलं. तेव्हा तेलाचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. पुढे नौदलाची जहाजं कोळशाकडून तेलाकडे वळू लागली, आणि १९१३ मध्ये कुवेत, १९१४ मध्ये बहारीन, १९२२ मध्ये इतर किनाऱ्यावरचे शेख यांच्याकडून स्वतंत्र पत्रं घेतली गेली: सरकारच्या संमतीशिवाय तेलाचा मक्ता द्यायचा नाही. दोन-चार ओळींचं पत्र, पण पुढची पन्नास वर्षं त्यावर चालली.

हे पत्र कामाला कसं लावलं जाई, ते बहारीनच्या प्रकरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं. न्यूझीलंडचा फ्रँक होम्स याने १९२५ मध्ये ईस्टर्न अँड जनरल सिंडिकेटसाठी शेखांकडून हक्क मिळवला. इंग्लंडमध्ये कुणी भांडवल घालीना, म्हणून सिंडिकेटने तो हक्क अमेरिकन गल्फ कंपनीकडे नेला आणि तिथून १९२८ अखेर तो स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाकडे गेला. आता लंडनचं म्हणणं पडलं की कंपनी ब्रिटिशच हवी. हा प्रश्न शेखांच्या दिवाणखान्यात सुटला नाही. लंडनमधल्या खात्यांमध्ये पत्रं फिरली, प्रती बुशहरला आल्या, तिथून शेरे परत गेले. तोडगा निघाला तो असा: बहारीन पेट्रोलियम कंपनीची नोंदणी १९२९ मध्ये कॅनडात झाली, संचालकांत एक ब्रिटिश असावा असं ठरलं, आणि बहारीनमध्ये कंपनीचा एक मुख्य प्रतिनिधी राहील, त्याच्या नेमणुकीला सरकारची मंजुरी लागेल आणि शेखांशी त्याचा व्यवहार पोलिटिकल एजंटामार्फत होईल, असंही ठरलं. भांडवल अमेरिकेचं, नोंदणी कॅनडातली, जमीन शेखांची, आणि पत्र मात्र एजंटाच्या टेबलावरून. १९३२ च्या जूनमध्ये जबल दुखानच्या विहिरीला तेल लागलं तेव्हा ही व्यवस्था तयार होती.

कुवेतमध्ये आणखी एक गाठ बसली. अँग्लो-पर्शियन कंपनीत १९१४ पासून इंग्रज सरकारचंच बहुसंख्य भांडवल. म्हणजे मक्ता मागणाराही सरकारचा आणि मक्ता द्यावा की नाही हे शेखांना सांगणाराही सरकारचाच. समोर गल्फ कंपनी, आणि तिच्यामागे मेलन घराणं, ज्यातले अँड्र्यू मेलन तेव्हा लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत. शेख अहमद अल जाबिर दोघांना झुलवत राहिले आणि दर वाढवत राहिले. अखेर दोन्ही कंपन्यांनी मिळून कुवेत ऑइल कंपनी काढली. २३ डिसेंबर १९३४ ला शेखांची सही झाली. पण त्याआधीच, मार्चमध्ये, कंपनी आणि सरकार यांच्यात वेगळा राजकीय करार होऊन गेला होता, आणि दोन करारांत विरोध आला तर सरकारशी झालेला करार वरचढ ठरणार होता. हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. ज्याच्या जमिनीत तेल, त्याच्या सहीवर आधीच दुसऱ्या कागदाचा बोजा चढलेला.

रकमा सगळ्या रुपयांत. कुवेतला सहीच्या वेळी ४,७५,००० रुपये, आणि तेल लागल्यावर टनाला ३ रुपये. कतारच्या शेख अब्दुल्लांना मे १९३५ मध्ये ४,००,००० रुपये, टनाला तेच ३. आखातात चलन हिंदुस्थानचंच होतं, आणि टपालाची तिकिटंही नाशिकच्या छापखान्यातून ‘बहारीन’, ‘कुवेत’ असा शिक्का मारून जात. या रकमा तेव्हाच्या शेखांना केवढ्या वाटल्या असतील याचा अंदाज बाजार पाहिला की येतो. आखाताचा मोती मुंबईत विकला जाई. जपानच्या पैदाशी मोत्याने आणि १९२९ नंतरच्या मंदीने तो धंदा बसला, आणि ज्या घरांनी बोटींवर कर्जं काढली होती ती उघडी पडली. अशा वेळी टेबलावर रोख लाखो रुपये. शेखांनी घाई केली असती तरी त्यांना दोष देता आला नसता.

पण सगळ्यांनी घाई केली नाही, आणि ही गोष्ट फायलींतून फार नीट दिसते. कतारच्या शेखांनी सहीआधी संरक्षणाची लेखी हमी मागून घेतली. दुबईने १९३७ मध्ये पेट्रोलियम कन्सेशन्स कंपनीला मक्ता दिला, शारजानेही त्याच वर्षी. अबुधाबीचे शेख शखबुत मात्र जानेवारी १९३९ पर्यंत थांबले. दुसऱ्या कुठल्या कंपनीला बोलावण्याची मोकळीक शखबुत यांना नव्हती, कारण त्यांच्या घराण्याने १८९२ मध्ये आणि किनाऱ्याने १९२२ मध्ये लिहून दिलेलं होतं. ‘नाही’ म्हणणं आणि उत्तराला उशीर लावणं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, आणि ते त्यांनी पुरेपूर वापरलं. शेवटी दिला तोही ७५ वर्षांचा मक्ता.

सध्या मी कुवेतच्या एजन्सीच्या फायली वाचतो आहे. १९२९ ते १९३६ तिथं हॅरॉल्ड डिक्सन एजंट होते. ते अरबी उत्तम बोलत आणि कुवेतवर त्यांचा खरा जीव होता. नोकरी सुटल्यावरही ते तिथंच राहिले, तेल कंपनीच्या नोकरीत. शेखांबद्दल त्यांना आस्था होती याबद्दल मला शंका नाही, पण ती आस्था होती म्हणून कागदाची वाट बदलली नाही. शेखांचं पत्र त्यांच्याकडे, त्यांचं बुशहरला, बुशहरहून लंडनला आणि दिल्लीला, आणि उत्तर त्याच पायऱ्या उतरून खाली. कुवेतपुरतं १८९९ चं कलम रद्द झालं ते १९ जून १९६१ ला. बहारीन, कतार आणि बाकीच्या किनाऱ्याचं १९७१ मध्ये.